आत्यानं केलेलं माझ्या कादंबरीचं पारायण

माझी कादंबरी आजवर चौदा बायकांनी वाचली आहे आणि त्या चौदाही जणींनी ती अंघोळ करून, निरांजन लावून, पुस्तकाला हळदकुंकू वाहून वाचली. इतका मान फार थोड्या लेखकांच्या वाट्याला येत असेल. मला तो नको होता.

कादंबरीचं नाव ‘पाताळाची सातवी पायरी’, खंड पहिला. (एकूण खंड सात. हसू नका, घरच्यांचं हसून झालंय.) नागपूरच्या खाली सात मजली पाताळ आहे, तिथे नागांचं राज्य आहे, त्या राज्याचं दार आपल्या नाग नदीच्या पुलाखाली आहे, आणि विद्युत्केतू नावाचा एक राजपुत्र एकटाच त्या सात पायऱ्या उतरायला निघालाय, अशी ती कथा. आता त्या पुलाखाली नाक न धरता दोन मिनिटं उभं राहता येत नाही, ही गोष्ट वेगळी. माझा राजपुत्र उभा राहतो.

मी एका सरकारी कचेरीत आवक-जावक टेबलावर असतो. दिवसभर दुसऱ्यांच्या पत्रांवर क्रमांक टाकायचे आणि ती पुढे ढकलायची. म्हणून सात वर्षांपूर्वी मी ठरवलं की सकाळी साडेपाच ते सात ही वेळ आपली. ठरवलं म्हणजे ठरवलं! डेंग्यू झाला तरी लिहिलं. मेव्हण्याच्या लग्नाच्या दिवशी वधूपक्षाकडच्या खोलीत बसून लिहिलं. सगळ्या प्रकाशकांनी हस्तलिखित परत पाठवलं, त्यातल्या एकानं तर पाकीट न उघडताच. मी म्हटलं, हरकत नाही, मीच छापतो.

छापखाना इतवारीत, भांड्यांच्या दुकानांमागे. मालक नामदेवराव हे आयुष्यभर लग्नपत्रिका, पंचांगं आणि व्रतकथा छापत आलेले गृहस्थ. कादंबरी त्यांनी पहिल्यांदाच हाती घेतली होती. मजकुराची प्रुफं मी तीनदा तपासली. ऱ्हस्व-दीर्घ पाहिले, काने-मात्रे पाहिले. मजकुराशिवाय पुस्तकात आणखी काय काय असतं हे मला माहीत नव्हतं, आणि नामदेवरावांना नेमकं तेवढंच माहीत होतं.

पुस्तकं घरी आली. मी पहिलं उचललं आणि दिवाणावर मटकन बसलो. लाल कापडी बांधणी. त्यावर सोनेरी, पाच फण्यांचा नाग. नागाच्या डोक्यावर ‘॥ श्री ॥’. आत ‘प्रकरण पहिले’च्या जागी ‘अध्याय पहिला’. आणि शेवटच्या पानावर, वेलबुट्टीच्या चौकटीत: ‘जो कोणी हा ग्रंथ भक्तिभावे सात दिवसांत वाचेल, त्याची अडलेली कामे मार्गी लागतील. वाचन मध्येच सोडू नये.’

मी तडक इतवारी गाठली.

“नामदेवराव, हे काय हाये?”

“काय झालं भाऊ? कापड आवडलं नाही काय?”

“प्रकरणाचं अध्याय काहून केलं तुम्ही?”

“प्रकरण म्हनजे पोलीस ठाण्यातलं वाटते ना. अध्याय कसं सोज्वळ!”

“अन हे शेवटचं पान?”

“ते कोरं राहून राहिलं होतं. कोरं पान बरं नाही दिसत. आपल्यापाशी मजकूर तयारच होता, देल्ला टाकून.” मग जवळ सरकून म्हणाले, “बाकी पुस्तक छान झालं. मी नाही वाचलं, पन छान झालं.”

बर्डीच्या बाजारातल्या एका दुकानदारानं कृपा करून दहा प्रती ठेवून घेतल्या. महिन्याभरानं जाऊन पाहतो तर त्या आरतीसंग्रहांच्या आणि अगरबत्तीच्या पुड्यांच्या मधोमध! त्या तिथूनही कोणी नेल्या नाहीत. परत आलेल्या धरून सगळ्या प्रती दिवाणाखाली, कपाटावर आणि गव्हाच्या कोठीवर जाऊन बसल्या. माझी बायको सुनंदा रोज केर काढताना त्यांना झाडूनं आत लोटायची. मी रोज बाहेर ओढायचो.

तेवढ्यात संक्रांत आली. सुनंदा दरवर्षी हळदीकुंकवाला वाण लुटायला इतवारीतून ठोकभावानं वाट्या, गाळण्या, साबणदाण्या असं काहीतरी आणते. यंदा ती म्हणाली, “इतवारीले जाचंच नाही. वाण घरात पडलं हाये.”

“कोणतं?”

तिनं झाडूनं दिवाणाखाली दाखवलं.

मला संताप आला. सात वर्षांची तपश्चर्या, आणि तिची गणती साबणदाणीत! पण मग मी थंड डोक्यानं विचार केला. तीसेक बायका येणार. तीस घरं. त्यांतली एक, फक्त एक जरी पुस्तक उघडून बसली, तर मला माझा पहिला वाचक मिळणार होता. (सुनंदानंही वाचलं नव्हतं. “वाचीन ना, तुम्ही रिटायर झाल्यावर,” असं ती म्हणते.) मी होकार दिला. हळदीकुंकवाच्या दिवशी तिळगुळासोबत लाल पुस्तकं वाटली गेली, बायकांनी ती कपाळाला लावून घेतली, तेव्हाही मला शंका यायला हवी होती. आली नाही.

पुढच्याच रविवारी सुनंदा बाहेरून आली ती बातमी घेऊन.

“आत्या तुमच्या पुस्तकाचं पारायण करून राहिल्या. उद्यापासून सात दिवस. लेआउटमधल्या आणखी चार-पाच जणी बसून राहिल्या.”

मी चक्क उठून टाळी वाजवली. मग मला तेरावा अध्याय आठवला आणि मी परत खाली बसलो.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नंदनवनातल्या आमच्याच लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, चार घरं सोडून राहते. मी नऊ वर्षांचा असताना आई गेली. वडिलांची नोकरी फिरतीची. आत्या आमच्या गावी, पारशिवनीला आली, माझे दोन सदरे पिशवीत कोंबले आणि मला एस.टी.त बसवून नागपूरला घेऊन आली. कुणाला काही विचारलं नाही. तेव्हापासून नोकरी लागेपर्यंत मला तिनंच खाऊ घातलं आणि तिनंच बदडलं. आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, अत्यंत शांत गृहस्थ. त्या घरात दुसरा आवाज मावतच नव्हता.

आता माझ्या पाताळाला एक खलनायिका हवी होती. शिंगं, सुळे, तांबडे डोळे असं सगळं घालून मी आधी एक राक्षसीण तयार केली होती. तिला कोणी घाबरेना. मीच घाबरेना! तेव्हा मी स्वतःला विचारलं, बाबा रे, आयुष्यात तू खरोखर कुणाला घाबरलास? उत्तर चार घरं सोडून राहत होतं.

तेराव्या अध्यायात राणी करालजिव्हा प्रवेश करते. तिच्या उजव्या भुवईवर तीळ आहे. (आत्याच्याही आहे.) पाताळातल्या प्रत्येक भांड्यावर तिनं स्वतःचं नाव कोरून घेतलंय. (आत्याच्या घरात चहाच्या चमच्यावरही ‘सौ. विमल’ असतं.) दुसऱ्याच्या महालात गेली की ती आधी मुदपाकखान्यात शिरते आणि एकेका पातेल्याचं झाकण उचलून पाहते. आणि कुणी तोंड उघडलं की गरजते, ‘मजला शिकवू नकोस, मूढा!’ आत्या ‘मले शिकवू नको’ म्हणते. तेवढा एक ‘मूढा’ काय तो माझ्या पदरचा. पंधराव्या अध्यायात राजपुत्र तिला उकळत्या तेलाच्या कढईत ढकलून देतो आणि पाताळात दिवाळी साजरी होते.

त्याच रविवारी मी सुनंदाला हा सगळा भाग वाचून दाखवला. ती पोळ्या लाटत होती. आधी ती इतकी हसली की तव्यावरची पोळी काळी झाली. मग तिनं गॅस बंद केला.

“हे आत्यायनं ऐकलं ना, तं त्या भांडणार नाही. त्या येणं बंद करतील.”

ती बरोबर बोलत होती. थोरल्या जावेशी आत्यानं एका शब्दावरून अबोला धरला होता, तो जाऊ वारली तरी सुटला नव्हता. मला आई आठवते ती फोटोतली. बाकी जे काही आठवतं ते आत्याचं आहे. ती उद्या आमच्या दारावरून मान वळवून निघून गेली, तर सात काय सत्तर खंड लिहिले तरी ते भरून येणार नव्हतं. अध्याय एकवीस, रोज तीन, म्हणजे तेरा ते पंधरा शुक्रवारी. सात वर्षं मी वाचक मिळावा म्हणून हट्टाला पेटलो होतो. आता त्याच हट्टानं मी मिळालेला वाचक हाकलायला निघालो.

सोमवारी कचेरीत जाण्याआधी आत्याकडे गेलो. चौरंगावर माझी कादंबरी, तिच्यावर झेंडूचं फूल, शेजारी निरांजन.

“आत्या, हे पोथी नाही वं. कादंबरी हाये. मनानं रचलेली गोष्ट.”

आत्यानं पुस्तक उचललं, शेवटचं पान उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. “हे काय हाये मंग? सात दिवसांत वाचा म्हनून लिहिलं नाही काय?”

“ते मी नाही लिहिलं. छापखान्यावाल्यानं टाकलं.”

“अस्सं? मंग बाकीचंही त्यानंच लिहिलं काय गा?”

सुटकेचं दार असं सताड उघडलं होतं. ‘हो आत्या, सगळं त्यानंच लिहिलं’ एवढं म्हटलं असतं की मी मोकळा! पण सात वर्षांच्या सकाळी आडव्या आल्या.

“नाही!” मी छाती काढून म्हणालो. “अक्षर न् अक्षर माझं हाये!”

“मंग झालं त. बस, चहा घे.”

“पण तू हे कायच्यासाठी करून राहिली?”

“संकल्प सांगत नसतात,” आत्या म्हणाली आणि माझ्या हातात ‘सौ. विमल’ लिहिलेला पेला दिला.

मंगळवारी मी नवी युक्ती काढली. “आत्या, तुह्या डोळ्याचं ऑपरेशन आत्ता आत्ता झालं. डॉक्टरनं काय सांगितलं होतं? वाचाचं नाही.”

आत्या विचारात पडली. “हे मात्र बरोबर बोलला तू,” म्हणाली. मी कचेरीत शिट्टी वाजवत गेलो. संध्याकाळी कळलं की आत्यानं वाचायला शोभावहिनींना बोलावलं. शोभावहिनी म्हणजे शाळेत प्रार्थना सांगून सांगून निवृत्त झालेल्या बाई. त्यांनी ‘अध्याय चौथा’ म्हटलं की बाजूच्या लेआउटमधली कुत्री उठून बसतात. वाचन मोठ्यानं सुरू झालं म्हटल्यावर आणखी चौघी ऐकायला आल्या. एका आत्याला वाचू नको म्हणालो आणि नऊ बायकांची सोय करून बसलो.

बुधवारी मी पुन्हा इतवारीत नामदेवरावांसमोर उभा राहिलो. अर्ध्या तासात त्यांच्याकडून एक चिठोरी छापून घेतली: ‘शुद्धिपत्र. अध्याय तेरा ते पंधरा नजरचुकीने छापले गेले आहेत. ते वाचू नयेत.’ नामदेवरावांनी आपण होऊन लाल शाई वापरली. संध्याकाळी मी घरोघर जाऊन ते शुद्धिपत्र वाटलं आणि निश्चिंत झालो.

गुरुवारी बायका चौदा झाल्या!

“भाऊ, त्या तेराव्यात असं काय हाये हो?” हे मला आमच्या दूधवाल्यानंही विचारलं. शोभावहिनी तर आजच पुढचं वाचून टाकू म्हणत होत्या, पण आत्यानं सगळ्यांना दम भरला होता की क्रम सोडून पान उलटायचं नाही. मला पाहताच ती म्हणाली, “गजू, पारायनात अध्याय गाळत नसतात. मधात सोडू नये म्हनून शेवटच्या पानावर लिहिलं हाये.” लाल चिठोरी तिनं खूण म्हणून तेराव्या अध्यायात घालून ठेवली होती.

आता एकच मार्ग उरला होता. शुक्रवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. (कारण: कौटुंबिक अडचण.) धुतलेला सदरा घातला आणि आत्याच्या दारात उभा राहिलो.

“आत्या, आजचे तीन अध्याय मी वाचतो. लेखकाच्या तोंडून ऐका.”

आत्याचा चेहरा असा काही फुलला की मला लाज वाटली. तिनं मला पाटावर बसवलं, कपाळाला अष्टगंध लावलं, खांद्यावर शाल टाकली. चौदाजणी सतरंजीवर सरसावून बसल्या, प्रत्येकीच्या हातात चहाचा पेला. आतोबा पडद्याआडच्या खोलीत पडून होते. सुनंदा दाराशी बसली होती, पळायला बरं पडावं म्हणून. माझा बेत साधा होता. पुस्तकात काहीही लिहिलेलं असो, मी दुसरंच वाचणार होतो.

“अध्याय तेरावा,” मी घसा खाकरला. “राणी करालजिव्हा ही पाताळाची माउली होती. ती उंच, सडपातळ, निळ्या डोळ्यांची असून अतिशय मृदुभाषिणी होती. तिच्या भुवईवर तीळ वगैरे काही नव्हता...”

“थांबा भाऊजी,” शोभावहिनी म्हणाल्या. “इथं तं वेगळंच लिहिलं हाये.”

मी मान वर केली. चौदा मांड्यांवर चौदा लाल पुस्तकं उघडी होती आणि चौदा बोटं एकाच ओळीवर टेकली होती. वाण सगळ्याच जणींना मिळालं होतं! लेआउटभर पुस्तकं वाटणारा मीच, आणि मीच ते विसरलो होतो.

“ते... ते जुनं हाये. मी सुधारून वाचून राहिलो.”

“गजू, चष्मा लावून वाच,” आत्या म्हणाली.

“लावला हाये.”

“मंग शोभाले दे.”

शोभावहिनींनी खणखणीत आवाजात सुरुवात केली. तिळापाशी दोघीतिघींनी वर पाहिलं. भांड्यावरच्या नावापाशी सगळ्याच जणींची नजर आपापल्या हातातल्या पेल्यावर गेली, आणि कुणीतरी पेला हळूच खाली ठेवला. झाकणं उचलण्यापाशी एकीला ठसका लागला, तिच्या पाठीवर थोपटताना दुसरीलाही लागला. शोभावहिनींचा आवाज जन्मात पहिल्यांदा बारीक झाला. ‘मजला शिकवू नकोस, मूढा!’ हे वाक्य तर त्यांनी कसंबसं कुजबुजून म्हटलं. आणि पडद्याआडून आतोबांचं हसू ऐकू आलं. आधी खुदकन, मग खदाखदा. एवढ्या वर्षांत मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं. माणसाला हसण्यासाठी दुसरा दिवस सापडू नये?

मी हात जोडले. “वहिनी, बस करा. पुढचं नको.”

“मधात थांबत नसतात,” आत्या म्हणाली. तिचा चेहरा दगडाचा. “वाच वं शोभा.”

शोभावहिनींनी वाचलं. चौदावा वाचला, पंधरावा वाचला. राणी कढईत पडली. पाताळात पणत्या लागल्या, फटाके उडाले, लाडू वाटले गेले. (लाडू घालायची खरंच काही गरज नव्हती.) वाचन संपलं. आत्यानं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

“गजू.”

“हो आत्या.”

“कढईत कोनी असं पडते काय गा?”

मला प्रश्न कळेना.

“पन्नास वर्षं झाले मले चुलीपाशी उभं राहून. तेल उकळून राहिलं असलं ना, तं बाई हातभर दूर उभी राहते. पाठ करून तं उभीच नाही राहत. तुह्या रानीले येवढी अक्कल नाही?”

“आत्या, मी सांगतो ना, ते असं...”

“मले शिकवू नको!”

पडद्याआड आतोबा पुन्हा सुटले. आत्यानं तिकडे एकदाच पाहिलं. पडदा गप्प झाला.

“बाकी बरोबर लिहिलं तू,” ती म्हणाली. “झाकन उघडून पाहतो मी. पाहीनच! तुले आनलं तेव्हा तू नऊ वर्षांचा होता. दोस्ताच्या घरी जेवून आलो म्हने, अन उपाशीच झोपे. माह्यावर वझं नको म्हनून. मले काय समजत नव्हतं? मंग मी त्यायच्या घरी जाऊन गंजावरचं झाकन उघडून पाहो, काय शिजलं, किती शिजलं, पोट्ट्यानं खाल्लं का नाही. तेव्हापासून लागली मले ते सवय.”

हे मला माहीत नव्हतं. आजपर्यंत मी ती सवय नकला करून दाखवायला वापरली होती, आणि मग कादंबरीत. अष्टगंध लावलेला, शाल पांघरलेला एक पन्नाशीचा लेखक चौदा बायकांसमोर शालीच्या टोकाला नाक पुसत बसला.

“मंग तू रागावली नाही?”

“रागावलो त! खूब रागावलो. मले मारलं काहून तू? अन मारलं ते मारलं, वरून लाडू वाटले?”

“चुकलं माझं.”

“चुकलंच.” आत्या सतरंजीवरच्या चौदाजणींकडे हात करून म्हणाली, “संकल्प सांगत नसतात, पन आता सांगून देतो. माह्या गजूचं पुस्तक कोनीतरी वाचावं, येवढाच होता. सात वर्षं झाले पोरगा अंधारात उठून लिहून राहिला, अन कोनी हात नाही लावत. आता चौदाजनी वाचून राहिल्या. माह्यं काम झालं. आता तुह्यं तू पाहा. मले जिती कर.”

“आत्या, असं कसं करता येईल? राणी मेली. गोष्टीत एकदा मेलेलं माणूस...”

“पाताळात साप बोलून राहिले, पुलाखाली दरवाजा हाये, अन एक बाई जिती नाही होत?”

मी कान पकडले. आत्या उठली, स्वयंपाकघरात गेली आणि माझ्यासाठी ताटलीभर शिरा घेऊन आली. समोर बसून शेवटच्या घासापर्यंत पाहत राहिली.

पारायण रविवारी यथासांग पार पडलं. उद्यापनाला पुरण होतं. सोमवारी सकाळी साडेपाचला मी दुसरा खंड लिहायला बसलो. राणी करालजिव्हा पहिल्याच ओळीत जिवंत आहे. कशी, ते विचारू नका, मलाही माहीत नाही. दुसऱ्या पानावर ती सिंहासनावर बसते. त्या चौदाजणी दर आठवड्याला आत्याकडे जमतात, नवी पानं ऐकतात आणि आपापली मतं देतात. मला हवा होता एक वाचक, मिळालं एक मंडळ. त्यांचं पहिलं आणि एकमतानं पास झालेलं मत असं, की तो राजपुत्र काढून टाका.

“नुसता फिरून राहिला,” आत्या म्हणाली. “ना कामाचा ना धामाचा.”

“पण तुम्हाला तो,” मी जरा चाचरतच विचारलं, “कोणावरून घेतल्यासारखा वाटला काय?”

सगळ्यांनी मनापासून विचार केला. “कोनावरूनच नाही,” शोभावहिनी म्हणाल्या. “असा शूर, देखना, समजदार मानूस आपल्याकडं कुठं असते भाऊजी?” सुनंदानंही जोरजोरात मान हलवली.

आत्याला त्यांनी भुवईवरच्या एका तिळावरून ओळखलं होतं. विद्युत्केतू मी अथपासून इतिपर्यंत माझ्यावरून घेतला होता, आणि एकवीस अध्यायांत तो एकीलाही ओळखू आला नाही! शेवटी काल सकाळी मी त्याला कढईत पाडला. उकळत्या तेलाकडे पाठ करून उभा होता, आणि तेवढीच एक गोष्ट ऐकून चौदाजणी एका सुरात म्हणाल्या, “आता तुमच्यासारखा वाटून राहिला!”